ओटीवरचं जलरंगातलं चित्र: अर्धवट राहिलंय की असंच आहे?

पागोळी

नमस्कार मंडळी. चित्रकलेतलं मला ओ की ठो कळत नाही, हे आधीच सांगून टाकते. एलिमेंटरीला सी ग्रेड मिळाली होती, तीही बाईंनी दया केली म्हणून. त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

आमचं मूळ घर दापोली तालुक्यात, अंजर्ल्याच्या बाजूला. ओटीवर झोपाळ्याच्या वरच्या भिंतीवर जलरंगातलं एक चित्र आहे. मला कळायला लागल्यापासून ते तिथेच आहे. साधारण दीड फूट बाय एक फूट. खाली उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीने 'ग' आणि त्यापुढे '५८', बस. आजोबांच्या मुंबईच्या मावसभावाबरोबर कोणी चित्रकार पाहुणे आले होते, बरेच दिवस राहिले आणि जाताना हे ठेवून गेले, एवढीच कथा घरात चालत आलेली. नाव कोणाला आठवत नाही. आत्या त्यांना नुसतं 'चितारी' म्हणते. ती तेव्हा बारा वर्षांची होती. तिला नाव आठवत नाही, पण त्यांनी देवघरातल्या तांब्यात ब्रश बुचकळला आणि आजीने तो तांब्या चिंच लावून तीनदा घासला, हे मात्र चांगलंच आठवतं.

आता चित्र. फोटो टाकलाय, पण काचेवर माझंच डोकं दिसतंय, म्हणून शब्दांतही सांगते. पुढची पुळण (किनाऱ्याची वाळू) म्हणजे नुसता कोरा कागद, रंगाचा थेंब नाही. त्यावर चार तपकिरी त्रिकोण. झोपड्या असाव्यात, पण ना दार ना खिडकी. डावीकडे पाच माड, त्यांना झावळ्या नाहीत, नुसत्या वाकड्या काळ्या रेघा आणि डोक्यावर ब्रशचा एकेक फटकारा. मागे एक भला मोठा पिवळा ढीग, ती आम्ही पेंढ्याची उडवी समजतो. समुद्र विटकरी. (कोकणात विटकरी समुद्र!) आभाळ पिवळट, हळद सांडल्यासारखं. आणि माणूस एकच, त्यालाही तोंड नाही.

आजोबा म्हणायचे, "पुरं करायचं राहून गेलं बहुतेक. घाईत असतील." तेव्हापासून घरात त्याचं नावच 'अर्धवट चित्र' पडलंय. मागच्या दाराची चावी त्याच्या फ्रेमखालच्या खिळ्याला असते, तर "चावी कुठाय?" "अर्धवट चित्राखाली." असा आमचा कारभार.

गेल्या पावसाळ्यानंतर आभाळात तांबूस ठिपके दिसायला लागलेत आणि काचेच्या आत वरच्या कोपऱ्यात पांढरी लव आलीय. चुलतभावाचं मत, दोन दिवस अंगणात उन्हात ठेवू, नाहीतर डेटॉलच्या बोळ्याने पुसू. फ्रेमवाला म्हणतो, प्लायवर गोंदाने चिकटवून देतो, बुरशीचं नाव राहणार नाही. याच फ्रेमवाल्याने आजोबा-आजीचा फोटो असाच चिकटवून दिला होता. त्यात आता आजीच्या गालावर पापडासारखा फुगा आलाय. म्हणून हात लावायच्या आधी विचारते.

चित्र खरंच अर्धवट आहे का? कुठला किनारा असेल? आणि बुरशीचं काय करू? पाऊस तोंडावर आलाय.

कलामास्तर

ताई, सर्वप्रथम ती डेटॉलची बाटली न्हाणीघरात परत ठेवा.

चौतीस वर्षं चिपळुणात चित्रकला शिकवली, त्यामुळे उत्तर लांबेल, इलाज नाही. जलरंगात पांढरा रंग वापरायचा नसतो, असं आम्हाला शिकवलं. पांढरं हवं तिथे कागद सोडायचा. आधी फिकट, मग गडद. चुकलं तर तेलरंगासारखं वरून लिंपता येत नाही. आपल्याकडे यातले दादा म्हणजे सावळाराम हळदणकर, सावंतवाडीचे. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं निरांजन हातात धरलेल्या बाईचं 'ग्लो ऑफ होप' हे त्यांचं. लोक ते राजा रविवर्म्याचं म्हणून सांगतात, आणि तेलरंगातलं समजतात. दोन्ही चूक. ते जलरंग आहे, आणि ज्योतीचा उजेड बोटांतून कसा झिरपतो ते बघून आम्ही पोरं आ वासून बसायचो (छापील कॅलेंडरावर बघून, म्हैसूरला जायला पैसे कुठे होते).

तुमचा चितारी याच शाळेत हात घटवून मग तिच्यावर रुसलेला दिसतो. पुळण सोडलीय ती जुन्या शिस्तीने. फोटो मोठा करून बघितला, समुद्राचा रंग वाळूपाशी येऊन एका दमात, धारेवर थांबलाय. घाईत राहून गेलेल्या चित्रात अशी कड येत नाही. तिथे पेन्सिलीच्या रेघा उघड्या पडलेल्या असतात, रंग भरायची वाट बघत. माडाच्या झावळ्या मोजत न बसणं, झोपडीचा त्रिकोण करणं, माणसाचं तोंड गाळणं, हे तेव्हाच्या मुंबईच्या हवेतच होतं. वॉल्टर लँगहॅमर नावाचे ऑस्ट्रियन चित्रकार टाइम्स ऑफ इंडियात कलासंचालक होते. रंग डोळ्याला दिसतो तसाच लावायला हवा असं नाही, हे अनेक तरुण पोरांनी त्यांच्याकडे बघून घेतलं. पुढे १९४७ साली सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे, बाक्रे या सहा जणांनी प्रोग्रेसिव्ह ग्रुप हा कलावंतांचा गट काढला. तुमचं चित्र त्याच्या दहा-अकरा वर्षं नंतरचं.

आणि ते पिवळं आभाळ! अहो, समुद्रावर पिवळं आभाळ मारायला छाती लागते. माझ्या मते सगळं चित्र त्या एका निर्णयावर उभं आहे. पोरांना शिकवताना मला असं एक उदाहरण हवं होतं.

चित्र पुरं आहे. चावी दुसरीकडे टांगा.

सौदागर७७

'ग' म्हणजे गाडे नाहीतर ते नामांकित चित्रकार गायतोंडे!! ताई, कोणालाही दाखवू नका. गायतोंडे असेल तर कोटीत बोला. व्यनि (खाजगी निरोप) केलाय.

कलामास्तर

सौदागर, थंड घ्या. गायतोंडे ५८ सालापर्यंत अमूर्ताकडे वळलेले होते, ते माडाखाली बसून होड्या-झोपड्या रंगवत नव्हते. गाडे निसर्गचित्रं करायचे हे खरं, पण 'ग' अक्षरावर मालकी सांगायची तर मुंबईत गोखले, गुर्जर, गावडे, गणपत, गजानन किती निघतील? उद्या कोणी म्हणेल बाक्रे. सदानंद बाक्रे उतारवयात इथेच, हर्णैजवळच्या मुरूडला राहिले आणि २००७ साली तिथेच गेले, म्हणून हा मोह होतो. पण १९५१ ते साधारण १९७५ ते लंडनला होते, आणि मूळचे शिल्पकार. ५८ साली सूझा लंडनला आणि रझा पॅरिसला होते. नाव शोधायचंच असेल तर पाहुणे ज्यांच्याबरोबर आले त्यांच्या घरची पत्रं, लग्नपत्रिका, जुने फोटो चाळा. अक्षरावरून माणूस बनवू नका.

उधाण

मी हर्णैचा. चित्रातलं कळत नाही, बोटीतलं कळतं. बाबांची होडी होती, आता भावाचा ट्रॉलर आहे.

मास्तरांचं सगळं वाचलं, छान लिहिलंय. पण त्या झोपड्या नाहीत. त्या होड्या आहेत.

आगोटीला, म्हणजे पाऊस तोंडावर आला की, होडी पाण्यातून काढून ओंडक्यांवरून वर ओढतात, पार पुळणीच्या वरच्या अंगाला, उधाणाचं पाणी पोचणार नाही अशी. मग मधोमध आडवं लाकूड टाकून दोन्ही बाजूंनी माडाची झापं (विणलेल्या झावळ्या) सोडतात आणि सुंभाने बांधतात. घर शाकारतात तशीच होडी शाकारायची. लांबून बघाल तर नुसता तपकिरी त्रिकोण. दार-खिडकी कशी असेल? ताई, त्रिकोणाच्या खालची बाजू बघा. झोपडी असती तर जमिनीला सरळ टेकली असती. इथे चारही त्रिकोणांखाली एक वाकडी काळी रेघ आहे, मधे जाड, टोकाला वर गेलेली. तो होडीचा तळ. उजवीकडच्या शेवटच्या होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, तर झापांतून बाहेर आलीय, सरळ दिसते.

समुद्र विटकरी आहे तो पण बरोबर. पहिला जोराचा पाऊस झाला की डोंगरावरची तांबडी माती खाडीतून खाली येते. खाडीच्या तोंडाशी चार-पाच दिवस समुद्र चहासारखा असतो, दूध जास्त झालेल्या चहासारखा. मुंबईचे लोक मे महिन्यात येऊन निळा समुद्र बघून जातात, त्यांना हे माहीत नसतं. म्हणजे हे चित्र जूनचं आहे. तुमच्या चितारीने जे दिसलं ते काढलंय.

पिवळा ढीग म्हणजे उडवी नाही वाटत. जूनपर्यंत पेंढा गुरांनी संपवलेला असतो, एवढी मोठी उडवी कुठून राहणार? माझ्या अंदाजाने ती केळशीची वाळूची टेकडी. भारजा नदीच्या खाडीवर आहे, मोठी होती, आता पूर्वीसारखी राहिली नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे लोक तिचा अभ्यास करायला यायचे, जुन्या काळी सुनामीने ती वाळू आणली असं त्यांचं म्हणणं. आमच्या बाजूला एवढी वाळू उभी राहिलेली मी तरी दुसरीकडे बघितली नाही.

कागदकसर

मी कागदाच्या जतनाचं काम करते, मुंबईत. टोपणनाव व्यवसायातल्या शत्रूवरून घेतलंय.

पागोळी, क्रमाने करा. चित्र भिंतीवरून काढून आडवं, काच वर ठेवून ठेवा. पुढून-मागून फोटो घ्या, एक फोटो खिडकीच्या तिरप्या उजेडात, म्हणजे कागद कुठे फुगलाय ते दिसेल. मागचे खिळे सोडवा. कागद काचेला चिकटलेला दिसला तर तिथेच थांबा. ओढलंत तर आभाळ काचेवर राहील.

मोकळा निघाला तर कोरड्या, वारा खेळत्या खोलीत सावलीत दोन-तीन दिवस ठेवा. पांढरी लव वाळून भुकटीसारखी झाली की तोंडाला मास्क लावून, घराबाहेर, मऊ रुंद ब्रशने अलगद झटका. ओली असताना घासलीत तर ती कागदात मुरते. तांबूस ठिपक्यांना हात लावू नका. ते घालवायला जी रसायनं लागतात ती घरी वापरायची नसतात.

ऊन अजिबात नाही. भावाला सांगा, बुरशी मरेल की नाही ते पुढचं, रंग नक्की मरेल. संग्रहालयात जलरंगांवर साधारण ५० लक्सच उजेड ठेवतात, म्हणजे लोकांना वाटतं वीज वाचवतायत. सगळ्यात आधी उडतात ते किरमिजी, गुलाबी. गेरू, पिवळी माती असले मातीचे रंग टिकतात.

गोंद नाही, प्लाय नाही. सुती कागदाचा आम्लविरहित माउंट (चित्राभोवतीची जाड कागदाची चौकट) घ्या, त्याने काच आणि चित्र यांत फट राहते. मागे साधा पुठ्ठा असेल तर तो फेका, त्याचं आम्ल कागदात उतरतं. पुन्हा लावताना बाहेरची भिंत नको. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीचं फावतं, आणि कोकणात पावसाळ्यात ती किती असते ते मी सांगायला नको. माजघराची आतली भिंत बघा, आणि फ्रेमच्या मागे चारी कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, वारा जाऊ दे. जास्त काही वाटलं तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कला-संवर्धन केंद्र आहे, तिथे विचारा.

एक विनंती. माउंट काढलात की त्याच्याखाली झाकली गेलेली कड बघा. तिथला रंग कसा आहे ते इथे लिहा. मला त्या पिवळ्या आभाळाबद्दल शंका आहे.

पागोळी

मंडळी, शनिवारी रात्रीच्या गाडीने गेले होते, आजच डोंबिवलीला परतले. सांगायला इतकं आहे की कुठून सुरुवात करू कळत नाही.

भाऊ पक्कड घेऊन बसला, मी फोटो घेत होते. खिळे गंजलेले, दोन तुटलेच. मागचा पुठ्ठा कुठल्यातरी खोक्याचा कापलेला, तपकिरी होऊन बिस्किटासारखा मोडत होता. कागद काचेला चिकटलेला नव्हता. कागदकसर, मी सुटकेचा श्वास एवढा मोठा टाकला की आत्या म्हणाली, "काय झालं, फाडलंस?"

पाठीवर आजीच्या अक्षरात दुधाचा हिशेब. अकरा दिवसांचा. एका दिवशी 'नाही' लिहिलंय. म्हणजे फ्रेम व्हायच्या आधी हे कपाटावर नुसतंच पडलेलं असणार आणि आजीला हाताशी कागद हवा असणार. कागद खिडकीसमोर धरला तर एका कडेला वॉटरमार्कची शेवटची तीन इंग्रजी अक्षरं दिसली, एम ए एन. व्हॉटमन असेल ना? साल नाही, तिथून कागद कापलेला आहे.

आता माउंटखालची कड. बोटभर रुंदीची पट्टी आहे, तिन्ही बाजूंनी. आणि आभाळ पिवळं नाहीये हो. कडेला ते जांभळट लाल आहे, पिकलेल्या कोकमाचं फळ फोडल्यावर असतं तसं, आणि त्याच्या खालून पिवळा डोकावतोय. पट्टी संपते तिथे एकदम सरळ रेघ, आणि तिच्या आत नुसती हळद. ओटीवर दुपारनंतर पश्चिमेचं ऊन येतं. साठ-पासष्ट वर्षं रोज थोडं थोडं लाल खाल्लं त्याने.

आत्याला चष्मा लावून ती पट्टी दाखवली. ती सहज म्हणाली, "हो मग, संध्याकाळच काढली होती त्यांनी. पाऊस उघडला होता." मी म्हटलं, अगं हे आजवर कधी बोलली नाहीस! तर म्हणे, कोणी विचारलं नाही.

मग मी खोदून विचारलं. पाहुणे मे महिन्यात आले होते, मुंबईहून बोटीने. हर्णैला बोट लांब उभी राहायची आणि पडावातून किनाऱ्यावर यावं लागायचं. परत जायच्या आठवड्यात त्यांना ताप आला, आणि पावसाळ्याआधीची शेवटची बोट चुकली. मग दोन-तीन आठवडे घरातच. आजीने मऊभात आणि मेतकुटावर उभं केलं त्यांना. बरे झाल्यावर दापोलीवरून एसटीने गेले. उधाण, तुमचा जून बरोबर निघाला. आणि आजोबांचं 'घाईत असतील' साफ चूक, त्या माणसाला तर कुठे जायचीच सोय नव्हती.

होड्यांचं वाचून दाखवलं तर आत्या म्हणाली, "मग? तुम्हाला काय वाटलं होतं?" म्हणजे तिला पहिल्यापासून होड्याच दिसत होत्या आणि आम्ही सगळे झोपड्या बघत होतो. केळशीची टेकडी मात्र तिला मान्य नाही. तापातून उठलेला माणूस केळशीपर्यंत कशाला तंगडतोड करेल, हे आमचंच बंदर आहे, असं तिचं ठाम मत. ढीग कसला ते विचारलं तर "असेल काहीतरी" म्हणून विषय संपवला. तोंड नसलेल्या माणसाबद्दल म्हणाली, "तोंड कसं दिसेल, पाठमोरा आहे तो."

लव कोरडी करून झटकली. चित्र सध्या टिश्यू कागदात, कपाटात आडवं. माउंट मुंबईत करून घेणार. माजघरातली जागा ठरलीय. मास्तर, तुम्ही रागावणार नाही ना?

कलामास्तर

रागावतो कशाला. दोन दिवस तोंड लपवून बसलो होतो एवढंच. 'छाती लागते' म्हणे! छाती उन्हाची निघाली. वर झोपड्यांचा त्रिकोण केला म्हणून कौतुक केलं ते वेगळंच.

तरी एक सांगू? तुमचा पट्टीचा फोटो घेऊन मी घरी कागदावर करून बघितलं. खाली पिवळ्या मातीचा हात, तो पुरता वाळल्यावर वरून किरमिजीचा पातळ हात, तोही ओल्या ब्रशने एकदाच. समुद्रापाशी तो किरमिजी विटकरीला असा भिडतो की क्षितिजाची रेघच उरत नाही. ती त्याने काढलीच नव्हती, आता मला दिसतंय. पावसाळ्यातल्या संध्याकाळी ती असतेच कुठे? माझ्याकडून तीन कागद वाया गेले, चौथा बरा आला. माड मात्र जमले नाहीत. त्याने ब्रश अर्धा कोरडा ठेवून खालून वर ओढलाय, एका श्वासात. माझा हात मधेच थरथरतो.

वॉटरमार्क व्हॉटमनचाच असणार. तेव्हा तो विलायती कागद महाग होता. मागे रंगांचे ठिपके, ब्रश पुसल्याच्या खुणा आहेत का बघा. असतील तर पिवळ्यावर किरमिजी की उलट, याचाही निकाल लागेल.

पागोळी

आहेत! दुधाच्या हिशेबाच्या खाली चार ठिपके. तीन लाल, एक नुसता पिवळा. लाल अजून ताजे दिसतायत. उद्या चांगल्या उजेडात (सावलीतल्या!) फोटो काढून टाकते.

चावीला अजून जागा मिळालेली नाही, ती रिकाम्या भिंतीवर त्याच खिळ्याला आहे.

उधाण

आत्यांना नमस्कार सांगा. त्या म्हणतात तर बंदर तुमचंच, मी टेकडी मागे घेतो. अर्धी.

एक राहिलं. उजवीकडच्या होडीची नाळ उघडी का, याचा विचार करत होतो. बाबांना फोटो दाखवला. ते म्हणाले, झापं कमी पडली असतील, दुसरं काय. शेवटच्या होडीला नेहमी कमी पडतात. माड कोणाचा, झावळ्या कोणाच्या, यावर आगोटीला दरवर्षी भांडण. हल्ली झापं विणायला कोणी बसत नाही, आम्ही निळी ताडपत्री टाकतो. आज तुमचा चितारी आला तर त्याला सगळी पुळण निळी काढावी लागेल.